सृष्टीच्या वहीतले आवाज

सांगली,
सोमवार

तीर्थरूप आक्काताई यांस,
चंदनाचा जयजिनेंद्र. तुमचा गुडघा आता बसू-उठू देतो का, आणि डॉक्टरांनी दिलेला पट्टा तुम्ही खरंच बांधता की कपाटात ठेवून 'बांधते' म्हणता, ते कळवावे. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही मालिका बघत हूं हूं करता, आणि इथं सूनबाई दाराआड उभी असते. (दीपाली गुणाची आहे, पण कान लांब आहेत.) म्हणून पत्र. वाचून फाडून टाकावे.

विषय सृष्टीच्या पियानो क्लासचा. मदननं लेकीला मिरजेत एका रविराज सरांकडं घातलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे. वय तिशीचं, दाढी राखलेली. ज्या मिरजेत सतारी आणि तंबोरे घडतात, तिथं राहून हा माणूस पियानो शिकवतो, इथंच मला पहिला संशय आला. तरी वर्षभर पोर दुसऱ्यांची गाणी वाजवत होती तोवर मी गप्प होते. जूनपासून सर म्हणतात, आता मुलांनी आपापली गाणी स्वतः रचायची. नऊ वर्षांची पोर. मी विचारलं, मग तुम्ही शिकवणार काय? तर नुसते हसले. विचारल्यावर हसणाऱ्या माणसाचं मला पहिल्यापासून वावडं आहे.

पुढं ऐका. गाणं आणायचं कुठून, तर घरातून. घरात कोणते आवाज येतात, किती वाजता, कशानंतर कोणता, ते वहीत लिहून आणायचं. मी ती वही दप्तरातून काढली. (माझी शाळा दुसरीत सुटली, पण वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून मी शिकले, त्यामुळं लिहिलेलं काही माझ्या हातून सुटत नाही.) त्यात होतं: 'साडेपाच, आजी मंदिरातून येते, कडी वाजते. सहा, आजी ओरडते, जेवा जेवा, दिवस बुडायला आला. ताटं. पळापळ. सातनंतर स्वयंपाकघर गप्प. नऊ, बाबा कुलूप लावतात, दोनदा ओढून बघतात.' आक्काताई, तुम्हीच सांगा, हे गाणं आहे की चोराला काढून दिलेला नकाशा? दिवस बुडाल्यावर आपल्या घरात स्वयंपाकघराकडं कुणी फिरकत नाही, हे परक्याला लेखी कशाला हवं? चोर आधी घरच्या सवयी हेरतात, असं पेपरात आठवड्याला एकदा तरी येतं.

मी वही तांदळाच्या डब्यात पुरली आणि क्लास बंद केला. मदन म्हणाला, "आई, पुढच्या रविवारी कार्यक्रम हाय. पोरीचं नाव छापलंय."
मी म्हटलं, "छापू दे. पेपरात चोरांचीबी छापत्यात."
सृष्टीनं आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ती दोन दिवस नुसती ताटाशेजारी बोटं आपटत बसली.

तिसऱ्या दिवशी मी वही पिशवीत घालून एकटीच मिरजेला गेले. (वाटेत पोलीस चौकी कुठं आहे ते बघून ठेवलं.) सरांनी चहा ठेवला, मी शिवले नाही. सगळं तोंडावर विचारलं. तर म्हणाले, "आवं आजी, चोर असतो तर पळताना उचलता येईल असलं वाद्य नसतं का घेतलं?" मग सृष्टीनं रचलेलं वाजवायला बसले. कडी होती, ताटं होती. माझी ओरड त्या पोरीनं सगळ्यात वरच्या पट्टीत टाकली आहे, हे मी लक्षात ठेवलं आहे. त्यानंतरची पळापळ ऐकून मलाच धाप लागली. मी सवयीनं पाच ताटं काढते आणि एक परत मांडणीवर ठेवते, तोही आवाज होता. मध्येच सरांनी हात उचलले आणि थांबले. मला वाटलं, विसरले. तर त्यांनी कागद पुढं केला. तिथं रिकामी जागा होती आणि खाली सृष्टीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'इथं आजोबा खाकरतात.'

तुम्हाला आठवतं ना, सुनेला कळावं म्हणून हे उंबऱ्याबाहेर थांबून खाकरायचे, मगच आत यायचे. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा पोर सहाची होती. सर म्हणाले, "तिनं सगळ्या पट्ट्या दाबून बघितल्या. म्हणली, ह्यात आजोबा न्हाईत, जागा मोकळीच ठेवा." मी चहा प्यायले. गार झाला होता.

क्लास आजपासून परत चालू केला आहे. पण माझा डोळा आहे.

तुमची भावजय,
चंदना

ता. क. सर मूळचे पलूसचे, तुमच्याच गावचे, असं म्हणतात. घरच्यांची गुपचूप चौकशी करावी. दाढीचं कारणही कळल्यास बरं.

आणखी एक. चौकशी राहिली तरी चालेल, खरं काम हे आहे. आजोबा किती वेळा खाकरायचे यावर घरात वाद पेटला आहे. सृष्टी म्हणते दोनदा, मी म्हणते तीनदा. तेवढी जागा मोकळी सोडायची आहे. शुक्रवारी ती तुम्हाला फोन करील. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, तुमचा शब्द शेवटचा. तीन सांगावे.

दोनदाच खाकरायचे, मला पक्कं ठाऊक आहे. पण दोनाची जागा फार लवकर सरते, आक्काताई. तीनच सांगा.