पिकअपमध्ये बिघाड नाही

बाबा,

आता पिकअपच्या मागे लागू नका. फ्यूज तपासले, ब्रेकचा स्विच नवीन टाकला, आणि पहाटे रात्रपाळीवरून आल्यावर मी स्वतः हायवेवर फिरवून आणली. पाय न लावता वेग धरून ठेवणारं ते क्रूझ कंट्रोल लावलं की लागतं आणि लागलेलं राहतं. एवढ्या जुन्या गाडीच्या मानाने गुणाचं आहे.

ते फक्त तुमच्याच हातात लागत नाही, म्हणून काल मी कारने तुमच्या मागे मागे आले होते. गोदामापासून घरापर्यंत तुमचे ब्रेकचे लाल दिवे एकदाही विझले नाहीत. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काही काम नसतं. तुमचा मात्र ब्रेकवर टेकलेला असतो, आणि ब्रेकवर जरा भार असला की क्रूझ लागणारच नाही. तुम्हाला ते जाणवत नाही, कारण त्या पायाला आता काहीच जाणवत नाही. शुगरमुळे असं होईल हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्ही हसण्यावारी नेलंत.

चिडू नका, माझ्यात भांडायचं त्राण नाही. झोप झालेली नाही आणि जादा पाळीसाठी परत कामावर चाललेय. किल्ली माझ्याकडे आहे, आईच्या मागे लागू नका. जेवण झाकून ठेवलंय. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ, गाडी मी चालवेन.

आणि हल्ली तुम्ही स्वतःचे मोजे स्वतःच का धुता, हे मी कधी विचारलं नाही. आज तेवढे धुऊ नका. रक्ताचे डाग डॉक्टरांना दिसू देत.

थोरली