ऑक्टोपसच्या हृदयाचा अर्धा गुण

तीर्थस्वरूप आत्यास,

दोन्ही हात जोडून, आणि या खेपेला मान नेहमीपेक्षा चार बोटं जास्त वाकवून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं आहे, त्यावर फार विसंबू नकोस. तुझी तब्येत कशी आहे? काकांचा गुडघा जिना चढू देतो का? मी करून दिलेली खालची कवळी डाव्या बाजूला टोचते असं तू मागे म्हणाली होतीस. ती कपाटात ठेवून देऊ नकोस, तोंडात ठेव. कवळीला माणसाची सवय व्हायला वेळ लागतो (माणसाला कवळीची त्यामानाने लवकर होते, असा माझा अनुभव आहे, पण गिऱ्हाईक ऐकत नाही). तरीही टोचतच असेल तर नवी करून पाठवतो. ती मी तशीही पाठवणारच होतो, पुढच्या मजकुराशी तिचा काही संबंध नाही.

तू म्हणशील, फोन हातात असताना कागद कशाला? एक तर पंचांकडे दाद मागायची ती हाताने लिहून, म्हणजे माणूस लिहिता लिहिता थंड होतो, हा आपल्या प्रश्नमंजूषा मंडळाचा नियम तूच केला आहेस. (मी थंड होत नाहीये. आधीचे दोन कागद घामाने गेले.) दुसरं म्हणजे फोनवर बोलायचं तर घरात बोलावं लागेल, आणि मी काय बोलतो याकडे सध्या घरातल्या दोन्ही बायकांचं बारीक लक्ष आहे. म्हणून दुकानाच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या साच्यांमध्ये बसून लिहितो आहे. समोरच्या फळीवर गिऱ्हाइकांचे जबडे ओळीने मांडून ठेवले आहेत आणि आज त्यांतला प्रत्येक जबडा मला हसतो आहे.

तुला ठाऊक असलेलंच पुन्हा लिहितो, कारण दाद मागताना सगळं पहिल्यापासून मांडायचं, हाही नियम तुझाच. फोनवरच्या या मंडळात कोणी खरं नाव सांगायचं नाही, धंदा सांगायचा नाही आणि नातं तर मुळीच नाही. त्यामुळे तिथली कडक ‘पंचबाई’ ही ‘टाचणी’ची, म्हणजे माझी, सख्खी आत्या आहे हे आजवर कोणाला कळलेलं नाही, आणि तू माझे गुण ज्या निर्दयपणे कापतेस ते पाहता पुढेही कळणार नाही. तर त्या रविवारी प्रश्न काढायची पाळी माझी होती. मी विचारलं, ऑक्टोपसला हृदयं किती? उत्तर तीन. सगळ्यांनी सरळपणे तीन लिहिलं. ‘पूर्णविराम’ नावाच्या गृहस्थाने मात्र लिहिलं की स्वस्थ बसला असेल तर तीन, पोहत असेल तर दोन. का, तर तो पोहायला लागला की त्याचं एक हृदय काम थांबवतं. हे खरं आहे, मी नंतर दोन ठिकाणी पाहिलं. (नंतर पाहिलं, हेच चुकलं.) पण मी हृदयं किती असतात ते विचारलं होतं, किती चालू असतात ते नाही. मी त्याचा अर्धा गुण कापला. त्याने पानभर लिहिलं. मी एवढंच उत्तर दिलं की घरात तीन दिवे आहेत आणि त्यातला एक मालवला, तर घरात दिवे दोन होतात का? त्यावर मंडळींनी जे हसरे चेहरे टाकले, ते मी दिवसभर पुन्हा पुन्हा काढून बघत होतो. पूर्णविरामाने तुझ्याकडे दाद मागितली, आणि तू निकाल वर्षाच्या शेवटच्या रविवारवर ढकललास. आपण त्याचा पुरता पाणउतारा केला, आता हा विषय संपला, अशा आनंदात मी होतो.

आता पोरीचं. तिने आपणहून एक मुलगा पाहिला आहे, हे तुला हिने कळवलं असेलच. लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कंपनीत आहे. मुलगा चांगला आहे. मी त्याला पहिल्या भेटीत सात-आठ प्रश्न घातले, त्यातल्या निम्म्यांना त्याने शांतपणे ‘माहीत नाही’ म्हणून सांगितलं आणि चहा प्यायला. (माहीत नसताना इतका शांत बसलेला माणूस मी प्रथमच पाहिला. मला तो आवडला, पण त्या शांतपणाची थोडी भीतीही वाटली.) गेल्या रविवारी संध्याकाळी त्याचे आईवडील आमच्याकडे यायचे ठरले. आदल्या दिवशी पोरीने मला समोर बसवून ताकीद दिली, की बाबा, त्यांना काही विचारायचं नाही, आणि आपणहून काही सांगायचं तर त्याहून नाही. हिने भिंतीवरचा जगाचा नकाशा उतरवून पलंगाखाली सरकवला, म्हणजे माझी नजर तिकडे जायला नको.

मंडळी आली. वडील जनावरांचे डॉक्टर. उंच, हात घासून घासून लाल झालेले, कोटाच्या बाहीवर कोणाच्या तरी मांजराचे केस. आई शांत, पण नवऱ्याकडे अशा नजरेने पाहत होती की त्यांनाही घरून ताकीद मिळालेली आहे हे मला लगेच कळलं. आम्ही दोघं पुरुष ओठ मिटून बसलो. पडद्यांचा रंग झाला, हवा झाली, पुन्हा पडदे झाले. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, कवळ्या. त्यावर ते जरा खाकरून म्हणाले की गाईला वरचे पुढचे दात नसतात. आता आत्या, तू सांग, यावर कोणी गप्प बसेल का? मी म्हटलं, हो, तिथे नुसती टणक गादी असते. त्या माणसाचा चेहरा असा उजळला म्हणतेस! हिने खोकून पाहिलं, तिकडच्या बाईंनीही खोकून पाहिलं. पण आम्ही घोड्याच्या दातांवरून मगरीच्या दातांवर पोचलो होतो, आणि मला आयुष्यात प्रथमच वाटलं की व्याही मिळावा तर असा.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवून सांगितलं, की तुम्ही माहितगार दिसता म्हणून बोलतो, मी फोनवरच्या एका प्रश्नमंजूषेत खेळतो. मंडळ उत्तम आहे, पण त्यात टाचणी नावाचा एक हलकट आहे. मी बशी खाली ठेवली. पुढे ऑक्टोपस आला, अर्धा गुण आला, आणि दिवे तर शब्दशः आले. ते म्हणाले, “उभा जन्म मी जनावरांच्या छातीला कान लावून काढला, आणि हा माणूस मला हृदय मोजायला शिकवतो.” त्यांना खरंच लागलं होतं. मला ते पाहून वाईट वाटलं, पण पुढचं वाक्य असं होतं की असल्या माणसाच्या घरचा ते घोटभर चहासुद्धा घेणार नाहीत. हे सांगताना ते आमच्या घरचा दुसरा कप संपवत होते.

त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं, हे मला तू सांगू नकोस. पोरगी समोरच बसली होती. टाचणी कोण हे तिला ठाऊक आहे (आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक आहे). ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ती माझ्याकडे पाहत होती. मी सांगायला म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते असं की अशा माणसाला तुम्ही मंडळात ठेवता कशाला? एकदा सुरुवात झाल्यावर मला थांबता येईना. टाचणी कोत्या मनाचा आहे, आयुष्यात दुसरं काही जमलं नसणार म्हणून प्रश्न काढत बसतो, आणि ते दिव्यांचं वाक्य त्याने नक्की कुठून तरी चोरलेलं आहे, असं सगळं मी बोलून गेलो. (वाक्य माझं स्वतःचं आहे. तू तरी हे लक्षात ठेव.) ही उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून जो आवाज आला तो हसण्याचा होता असं ती आता सांगते. डॉक्टरांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, तुमच्यासारखा माणूस मला इतके दिवस भेटला कसा नाही?

इथवर आलं ते मी कसंही निभावलं असतं. पण ते जाताना दारात थांबले आणि म्हणाले, मी तुम्हाला मंडळात घेतो. माझ्या शिफारशीवर. नाव पण ठरवलं, ‘उजवा हात’. शेवटच्या रविवारी टाचणीला काढून टाकण्याचा ठराव ते मांडणार आणि अनुमोदन उजव्या हाताने द्यायचं. शिवाय नव्या सभासदाच्या पहिल्या फेरीला शिफारस करणाऱ्याने त्याच्या शेजारी बसायचं, हा मंडळाचा नियम आहे. (आत्या, इतके नियम कशाला करतेस गं?) तेव्हा त्या रविवारी सकाळी ते सहकुटुंब आमच्याकडे येणार, माझ्या शेजारी बसणार, आणि फेरी संपली की मुलांचं पक्कं करून टाकू म्हणतात.

तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. टाचणी आजवर एकदाही गैरहजर राहिलेला नाही. मी उजवा हात होऊन बसलो आणि नेमका त्याच दिवशी टाचणी गप्प, तर त्यांच्या लक्षात येणारच. ज्याला बोलता येत नाही अशा रोग्याचं दुखणं ओळखण्यात या माणसाचा जन्म गेला आहे, माझं ओळखायला त्याला कितीसा वेळ लागणार? काल मी एका बाईंच्या वरच्या कवळीत खालचे दात बसवले. दुकानाची घंटा वाजली की वाटतं, तेच आले. परवा पोरगी म्हणाली, “बाबा, सांगून टाका ना. मी बसते तुमच्या शेजारी.” मी म्हटलं, रविवार होऊन जाऊ दे. पलंगाखालचा नकाशा काढून तिने स्वतःच पुन्हा भिंतीवर लावला, आणि मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्या दिवशी मी नकाशाकडे पाहिलंही नाही. मोडायचंच असेल तर माझं काहीही मोडू दे, तिचं नको.

असो. फक्त मन मोकळं करायला लिहिलं, बाकी काही मागणं नाही. काकांना नमस्कार. तुझा हात पाठीवर आहेच, तो या महिन्यात जरा घट्ट ठेव.

तुझा घाबरलेला भाचा

ता. क. एक लहानसं मागणं आहे. त्या रविवारी तू टाचणी हो. माझा परवलीचा शब्द वेगळ्या चिठ्ठीवर लिहून कवळीच्या डबीत घालून पाठवतो. उत्तरं तुझी तुलाच पाठवायची आहेत, तेव्हा उशीर व्हायचं कारण नाही. दोन मुद्दाम चुकव, आणि एकदा तरी कोणाशी तरी वाकडं बोल, नाहीतर तो मीच आहे हे कोणाला पटणार नाही.

ता. क. दुसरा. टाचणीला काढण्याचा ठराव तू फेटाळशीलच. पण मी उजवा हात म्हणून त्याला कडकडून पाठिंबा देणार आहे, तो मनावर घेऊ नकोस.

ता. क. तिसरा. डॉक्टरांना तो अर्धा गुण देऊन टाक. त्यांचं मन शांत होईल आणि पोरीचं मार्गी लागेल. वर्षाच्या तक्त्यात ते सध्या माझ्या पाव गुणाने मागे आहेत, म्हणजे अर्धा मिळाला की पाव गुणाने पुढे जातील आणि मी दुसरा येईन. मी बाप आहे, मला त्याचं काही वाटत नाही. दे.

ता. क. चौथा. देऊ नकोस. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात पोरगी डबा घेऊन दुकानात आली. साच्यांवरची धूळ पुसता पुसता सहज म्हणाली, मी गेले की घरात तुम्ही दोघंच, मग डबा कोण आणणार? मी विचार न करता म्हटलं, दोघं कशी? तिघंच. तू कुठेही राहा, मोजताना तिघंच. ती हसली आणि मग डोळे पुसायला साच्यांकडे वळली. ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांचा हिशोब खरा धरला तर आमच्या घरात माणसं दोन. आत्या, हे मला लिहून देता येणार नाही. काही झालं तरी माझं उत्तर तीनच. ते मी रविवारी त्यांना समोर बसून सांगेन, टाचणी म्हणून, पोरीला शेजारी घेऊन. तेव्हा डबीतली चिठ्ठी फाडून टाक. अर्धा देऊ नकोस, पाव दे. पाव दिलास की आम्ही बरोबरीत येतो, आणि व्याही बरोबरीत असलेले बरे. (बरोबरी झाली तर वयाने मोठा तो पहिला, हा नियम तूच केला आहेस. मी त्यांच्याहून चार महिन्यांनी मोठा आहे. कोणाला काही विचारायचं नाही अशी ताकीद होती, पण एवढं मी चहा ओतताना विचारून घेतलं.)