भोपळ्याच्या पोटातलं

१७ नोव्हेंबर, रविवार संध्याकाळ

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. थंडीने गुडघे कुरकुरतात, बाकी माझं ठीक आहे. तुझ्या वहिनीसाठी पाहिलेल्या शुश्रूषागृहातल्या खोलीचं काय ठरलं, असं तू विचारलं आहेस. त्याविषयी खाली लिहितो. आधी तुझ्या बियांचं ऐक.

"दादा, तळलेलं बंद. भोपळ्याच्या बिया घरी भाजून खा," असं फर्मान काढून तू मोकळी झालीस. जन्मभर इस्पितळात परिचारिका होतीस, तुला काय. मी लाल भोपळा आणून चिरला. शाळेत मला भोपळ्याच्या वेलावर एक कविता होती. पिवळी फुलं, त्यांवर दंव, कुंपणावर हात टेकून उभी असलेली सकाळ. मी ती चालीवर म्हणायचो आणि तू मागून नक्कल करायचीस. पण वेलाच्या त्या लेकराच्या पोटात काय असतं, हे कवीने साफ लपवलं. शेंबडासारखे तंतू, बुळबुळीत, ओल्या फडक्याचा वास. बोटं घातली आणि लगेच बाहेर काढली. डोळे मिटून अर्धा भोपळा चमच्याने खरवडला आणि ते सगळं, धुणं नाही की पुसणं नाही, तसंच वर्तमानपत्रावर पसरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बिया कागदाला चिकटलेल्या. ओढून काढल्या तर प्रत्येकीच्या पाठीवर बातमीचा तुकडा. तशाच कढईत तेलावर टाकल्या. धूर कोंडला तेव्हा कामाच्या मावशी नाकाला पदर लावून आल्या.

"काका, बिया भाजताय की जुने बूट?"

एक चावून पाहिली. वरून कोळसा, आतून चिकट. थुंकून टाकली.

आता वहिनीचं. ती मला ओळखत नाही. बोलणं कधीच बंद झालं. सकाळी अंथरूण भिजलेलं, कधी त्याहून वाईट. मावशी उशिरा येतात, तोवर तिला धुणं माझ्याकडे. हिला मी गच्चीवर चांदण्यात कविता म्हणून दाखवायचो. आता श्वास रोखून, भिंतीकडे तोंड करून तिचे पाय पुसतो. मग साबणाने हात घासत बसतो. तिची मला किळस येते, धाकटे. हे एवढं एक वाक्य लिहायला मला भोपळा लागला.

तू खोलीचं सुचवलंस तेव्हा फोनवर मी किती पटकन हो म्हणालो, आठव. तुला वाटलं, दादाने तिच्या भल्यासाठी मन घट्ट केलं.

आज सकाळी उरलेला अर्धा भोपळा टेबलावर घेतला. ती समोर बसली होती, नेहमीसारखी खिडकीकडे बघत. मी चमचा शोधायला वळलो, तेवढ्यात तिने हात मनगटापर्यंत आत घातला. तो गाळ मुठीत धरून पाण्याच्या पातेल्यात सोडला आणि चोळू लागली. अंगठा दाबला की बी सुळकन निसटून वर तरंगायची, तंतू तळाशी. चेहऱ्यावर काही नाही. हातांना मात्र सगळं ठाऊक. मी सवयीने वर्तमानपत्र पसरलं. तिने ते कोपराने बाजूला सारलं.

"कागदावर नको."

स्वच्छ, तिच्याच आवाजात. मी जुनं धोतर फाडून आणलं. बिया पसरून झाल्यावर तिने दोन्ही हात माझ्या सदऱ्याला पुसले, सावकाश, बोटांच्या बेचक्यांसकट. अंगावर काटा आला. मी हललो नाही.

दिवसभर उन्हात वाळल्या. मग मंद आचेवर कोरड्याच भाजल्या, शेवटी मिठाचं पाणी शिंपडलं. कुरकुरीत झाल्या आहेत. तिने दोन-चार खाल्ल्या आणि पुन्हा खिडकीकडे वळली. मी कोण, ते तिला आजही ठाऊक नाही.

ती खोली दुसऱ्या कुणाला देऊ देत. किळस गेली, असं समजू नकोस. उद्या सकाळी चादर ओढताना पुन्हा येईल. महिनाअखेरीस तू तिला न्यायला येणार होतीस. ये, पण राहायला ये. माणूस अंथरुणावर असताना चादर कशी बदलतात, ते मला दाखव. माझ्याकडून तिला हिसके बसतात.

सदरा अजून धुवायला टाकलेला नाही. वास येतो आहे.

भिंतीकडे न बघता हे काम शिकू पाहणारा,
तुझा दादा