कूलरमधील ठेव

लकडगंज, नागपूर
दि. २६ जून १९७९

प्रिय मनोहरराव यांस,

मार्तंड उमाठे याचा सप्रेम नमस्कार पोहोचावा. आपण, सौ. गोपिका आणि मुले परळीच्या वसाहतीत स्थिरस्थावर झाला असाल, तेथील पाणी सर्वांना मानवले असेल, आणि आपल्या पित्ताने बदलीच्या गावापर्यंत आपला पाठलाग केला नसेल, अशी आशा करतो. इकडे मी व आपल्या थोरल्या मेहुणीबाई सौ. पुष्पलता खुशाल आहोत. साडूने साडूला सविस्तर पत्र लिहावे असे प्रसंग दोनच, सोयरीक आणि वाटणी. हे पत्र त्यांपैकी कशाचेही नाही. आषाढात नागपूरला येऊन 'मासोळ्यांचे काही उरले असल्यास' घेऊन जाईन, असे आपण पोस्टकार्डावर लिहिलेत, त्याचे हे उत्तर आहे. 'काही उरले असल्यास' या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे.

मनोहरराव, आपल्या मासोळ्या जिवंत आहेत. सर्व. नागपूरचा मे महिना पाहून जिवंत आहेत. येथेच पत्र संपवता आले असते, परंतु कार्य कसे सिद्धीस गेले हे न सांगता केवळ सिद्धी कळवणे मला अपुरे वाटते.

फेब्रुवारीत कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आपले सामान ट्रकमध्ये चढत होते, तेव्हा आपण ती काचेची पेटी माझ्या हाती दिलीत. आत त्या कोळशासारख्या काळ्या मॉली जातीच्या मासोळ्या होत्या. (त्यांचा रंग कोराडीच्या हवेमुळे तसा आहे असा पुष्पलताचा अजूनही समज आहे.) त्या प्रसंगी आपले मेहुणे आणि माझेही मेहुणे नानाजी सर्वांसमक्ष काय म्हणाले ते आपणास स्मरत असेल. "मनोहरराव, मासोया काहून देऊन राहिले गा यायले? आखजीच्या आत तेरवी करा लागते!" यावर मंडळी हसली. आपणही हसलात. मी ते पाहिले. सौ. गोपिका मात्र हसली नाही. तिने पदराने काच पुसली आणि "भाऊजी, सांभाळजा बरं," एवढेच म्हटले. मला आपल्या हसण्यापेक्षा ते तीन शब्द जड गेले. बी.कॉम.ला असताना करारविषयक कायदा मी मन लावून वाचला होता. दुसऱ्याने सोपवलेली वस्तू शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूइतक्याच काळजीने सांभाळावी, असे तो सांगतो. (माझ्या स्वतःच्या वस्तू मी कशा सांभाळतो हे आपण जाणता. माझी सायकल कॉलेजातली आहे, आणि तिची घंटीही.) तेव्हा मी या मासोळ्यांकडे छंद म्हणून कधीच पाहिले नाही. त्या ठेव होत्या.

प्रारंभीचा काळ शिस्तीचा गेला. पेटी बैठकीत उत्तरेच्या भिंतीशी ठेवली. काचेवर टिचकी मारण्यास मनाई केली आणि ती मनाई पाहुण्यांनाही लागू असल्याचे तोंडी सांगितले. रोज सकाळी पूजेनंतर हजेरी घेत असे. हजेरी हे काम वाचायला सोपे वाटते, परंतु ज्यांची हजेरी घ्यायची ते सर्व एकाच रंगाचे, एकाच आकाराचे आणि क्षणभरही जागेवर न राहणारे असले, म्हणजे पुष्कळदा एकच इसम दोनदा हजर लागतो. हे टाळण्यासाठी मी मध्ये एक पुठ्ठा धरून त्यांना एकेक करून पलीकडे जाऊ देण्याची पद्धत बसवली. त्या ती लवकर शिकल्या. आमच्या पेढीवरील काही मंडळींना मी बारा वर्षांत एवढे शिकवू शकलो नाही.

परंतु एप्रिल संपत आला आणि शिस्तीचा उपयोग संपला. सकाळी दहाला पेटीत बोट घातले तर चहाचे आधण ठेवल्यासारखे वाटे. वीज जाण्याविषयी मी आपणास काही लिहीत नाही, कारण वीज खाते म्हणजे आपले घर. बर्फ पिशवीत बांधून पाण्यात सोडला, तेव्हा सर्व मासोळ्या पिशवीपासून जितके दूर जाता येईल तितके जाऊन भिंतीला चिकटल्या. धान्याच्या दुकानातून बारदाना आणून ओला करून पेटीभोवती गुंडाळला, तेव्हा पाणी तसेच राहिले आणि घराला तुरीचा वास आला. शेवटी मी पेटी उचलून थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवली. त्यामुळे वारा पेटीला आणि आम्हाला पेटीची पाठ, अशी व्यवस्था झाली. तरीही थोरली मादी दुपारभर पाण्याच्या वर तोंड काढून उघडझाप करीत राहिली, आणि मी तिच्यासमोर पंचा खांद्यावर टाकून उभा. त्या अवस्थेत मला कोराडीतले ते तीन शब्द ऐकू येत. खरे सांगतो, नानाजींची तेरवीची भाषा मी एकदा मनातल्या मनात मान्यही करून पाहिली.

अशा एका दुपारी, अंगावर घामोळ्या आणि वाऱ्याच्या वाटेत मासोळ्या, अशा स्थितीत पुष्पलताचा संयम सुटला. ती म्हणाली, "एवढाच जीव खालवर होऊन राहिला त त्यायलेच बसवा न कूलरमंदी! आमी बसतो काचीच्या पेटीत!"

मनोहरराव, उपरोध हा बोलण्यातला दोष आहे असे माझे मत आहे. बोलणाऱ्याने जे म्हटले तेच त्याला म्हणायचे होते असे धरून चालावे, म्हणजे घोटाळे होत नाहीत. या तत्त्वाने मी ती सूचना विचारात घेतली, आणि जसजसा विचार केला तसतशी ती मला अधिकाधिक निर्दोष दिसू लागली. भर मेमध्ये आमच्या घरात माठाच्या खालोखाल गार पाणी कोठे असते? कूलरच्या टाकीत. ते सतत खसच्या ताट्यांवरून ठिबकत असते, म्हणजे त्यात हवा मिसळलेली. ते दिवसभर उडून उडून जड होते, हे ताट्यांवर चढणाऱ्या पांढऱ्या खपलीवरून कळते, आणि मॉलीला जड, किंचित खारट पाणीच आवडते असे आपणच मला सांगितले होते. टाकीला गंज लागू नये म्हणून मी गेल्या वर्षीच आतून डांबर लावून घेतले होते. पंपाच्या तोंडाला जाळी होती. मी एका सकाळी पेटीत कूलरचे पाणी पेला-पेला घालत गेलो, मासोळ्यांना त्याची सवय लावली, आणि दुपारच्या आत सर्व ठेव सुरक्षितपणे कूलरमध्ये हलवली. पुष्पलताने कपाळाला हात लावला. (तो तिने अद्याप पूर्णपणे काढलेला नाही.) परंतु संध्याकाळी बाजूची ताटी काढून पाहतो तो काय! गळालेल्या खसच्या काड्यांमधून आपल्या मॉली अशा ऐटीत फिरत होत्या की जणू चिखलदऱ्याला हवापालटासाठी आल्या आहेत.

अक्षय्य तृतीया, म्हणजे नानाजींची आखजी, होऊन गेली आणि नानाजी आले. ते कशाकरिता आले हे त्यांनी सांगितले नाही, पण बैठकीत शिरताच त्यांची नजर त्या रिकाम्या काचेच्या पेटीवर गेली आणि चेहऱ्यावर जे समाधान पसरले त्याला सांत्वनाचे रूप देण्याचा त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केला. "मी का म्हणलं होतं, जवाईबुवा? जाऊ द्या. मुका जीव. तुमचा का दोष हाय त्यात?" मी त्यांच्यासाठी आमरस मागवला. खोटे बोललो नाही आणि खरेही सांगितले नाही. नानाजी आमरसाच्या दोन वाट्या घेऊन, कूलरच्या अगदी समोरची आरामखुर्ची अडवून, डोक्यावरची टोपी काढून बसले आणि मासे पाळणे हे कोणाचे काम असते व कोणाचे नसते यावर बोलू लागले. ते "आकडेमोड करणाऱ्या माणसानं" या शब्दांपर्यंत आले असतील नसतील, तोच वाऱ्याच्या झोताबरोबर पाण्याचा एक थेंब त्यांच्या टकलावर येऊन पडला. त्यांनी तो पुसला नाही, कारण तसे थेंब सुखाचे असतात. परंतु हा थेंब वळवळला. नानाजींनी डोक्यावर हात नेला, तो डोळ्यांसमोर आणला, आणि असे ओरडले की समोरच्या घरातले गणपतराव धावत आले. "अरे बापा! जवाईबुवा, तुमचा कूलर पिल्लं देऊन राहिला न गा!"

ते मॉलीचेच पिल्लू होते. जाळीतून पंपात, पंपातून नळीने वरच्या पन्हळीत, पन्हळीतून खसच्या ताटीत आणि तेथून पंख्याच्या वाऱ्याबरोबर थेट नानाजींच्या मस्तकावर, एवढा प्रवास करून ते जिवंत होते. मी ते तत्काळ पाण्याच्या लोट्यात घेतले. नंतर ताटी काढून नानाजींना आत पाहण्याची विनंती केली. आत थोरल्या मॉली तर होत्याच, पण खसच्या काड्याकाड्यांतून पिलांचा असा सुळसुळाट होता की त्यांची हजेरी घेण्याचा विचार मी तेथल्या तेथे सोडला. कोराडीत आपल्या पेटीत आई-बापच पिले खाऊन टाकतात, एकही वाचत नाही, अशी सौ. गोपिकेची तक्रार होती. येथे काड्यांच्या आडोशाने सगळी वाचली. नानाजी पुष्कळ वेळ वाकून पाहत राहिले. मग टोपी घालून म्हणाले, "तेरवीचं राहू द्या. बारशाचं जेवण द्या आता." मनोहरराव, त्यांनी ते हसून म्हटले, पण म्हटले. (पंपाच्या जाळीवर त्याच दिवशी मलमलचे फडके बांधले. त्यानंतर कोणत्याही पाहुण्यावर काही पडलेले नाही.)

विजयावर खरे संकट आले ते यानंतर. डासांच्या बंदोबस्तासाठी घरोघरच्या कूलरमध्ये तेल टाकणारे महापालिकेचे नत्थूजी खांद्यावर डबा लटकवून आमच्या दारात उभे राहिले. पाण्यावर तेलाचा तवंग बसला की डासांच्या अळ्या गुदमरून मरतात, आणि अळ्यांबरोबर बाकीचेही. मी दारात आडवा झालो. नत्थूजींनी खिशातून एक कागद काढून माझ्यासमोर धरला. "साहेब, अर्ज तुमचाच हाय. सही बी तुमचीच. दरसाल कोनी येत नाई म्हणून तुमीच लिहून राहिले, अन् आता आलो त तुमीच आडवे काहून?" अर्ज माझाच होता. भाषाही कडक होती. एका बाजूला नियम, जो मीच मागितला होता, आणि दुसऱ्या बाजूला ठेव. मी घाम पुसला आणि म्हटले, नत्थूजी, तेल डासांसाठी आहे. आधी तपासा. एक अळी सापडली, तर डबा मी स्वतः ओततो. शब्द तोंडातून गेल्यावर त्याचे गांभीर्य मला कळले. पुष्पलता, जिने महिनाभर त्या मासोळ्यांना नावे ठेवली होती, ती आतून येऊन कूलरसमोर हात जोडून उभी राहिली. नत्थूजींनी पांढरी वाटी टाकीत बुडवून वर काढली. स्वच्छ पाणी. दुसऱ्या कोपऱ्यात बुडवली. स्वच्छ. तिसऱ्यांदा पार तळाशी नेली, तेव्हा वाटीत एक मॉली आली आणि नत्थूजींकडे पाहू लागली. नत्थूजींनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पोट धरून हसू लागले. "साऱ्या अळ्या हिच्या पोटात गेल्या न, साहेब! मंग माह्या तेलाचं का काम?" त्यांनी डब्याचे झाकण लावले आणि जाताना स्वतःच्या घरासाठी दोन पिले मागून घेतली.

ती वार्ता गल्लीत त्यांच्या आधी पोहोचली. संध्याकाळपासून बायका पितळी डबे, कडीचे डबे, कोणी दुधाची बरणी घेऊन येऊ लागल्या. आज आमच्या गल्लीतल्या बहुतेक कूलरमध्ये आपल्या मॉलींची संतती नांदत आहे आणि संध्याकाळी अंगणात बसले तर कानाशी गुणगुण नाही. फक्त गणपतराव अधूनमधून विचारतात, "तळून खायाच्या मापाच्या कवा होतीन गा ह्या?" त्यांना मी कूलरपासून योग्य अंतरावर बसवतो. पेढीवरही आता लोक मला खातेबदलाऐवजी पाणीबदलाविषयी विचारतात. हे सर्व आत्मस्तुती म्हणून लिहीत नाही. आपण हसला होतात, म्हणून केवळ माहितीसाठी लिहिले.

सौ. गोपिकेस अनेक आशीर्वाद. तिने सांभाळायला सांगितले होते, ते झाले, एवढे तिला आपल्या तोंडून सांगावे. मुलांना गोड पापा. लोभ आहेच, त्यात मॉलींप्रमाणे वाढ व्हावी.

आपला स्नेहांकित,
मार्तंड उमाठे

ता. क. : कायद्याप्रमाणे ठेवीत नैसर्गिक वाढ झाली तर ती वाढही ठेवणाऱ्याचीच असते. गाय सोपवली आणि तिला वासरू झाले, तर वासरूही मालकाला परत द्यावे लागते. तेव्हा येथील सर्व पिले आपली आहेत. आषाढात येताना मोठ्या तोंडाचे कॅन आणावेत. पिले मी स्वतः भरून देईन, आणि गल्लीत वाटलेल्यांची क्षमा आपण कराल असे धरून चालतो.

आणखी ता. क. : पिले सर्व न्यावीत, परंतु थोरल्या मासोळ्या येथेच राहू द्याव्यात. हे मी कोणत्याही कलमाखाली मागत नाही, कारण तसे कलम नाही. मी पुष्कळ शोधले. नुसतेच मागत आहे.

(समासात, वेगळ्या अक्षरात)

मनोहरभाऊजी, पाकीट चिकटवायले माह्याजवळ देलं म्हणून चोरून लिहून राहिली. मासोया द्या यायले, नाही म्हणू नका. दुपारी पेढीवरून आले का आधी कूलरपाशी जातात, मंग माह्याकडं पाहतात. पण भाऊजी, मिरग लागला, पाऊस धो धो पडून राहिला, अन् घरात कूलर चालूच हाय! मासोयाईले आवडते म्हणून नवी खस बी भरली. आमी जेवाले बसतो ते रजई घेऊन. काल नानाजी आले ते मफलर बांधून. माह्यं ऐकत नाहीत, म्हणतात मालकाची लेखी आज्ञा पाहिजे. त तुमीच मालक. "थोरल्या तुमच्या, पण ठेवायच्या काचीच्या पेटीतच," एवढं लिहून सही करून पाठवा. पत्राले वेळ लागन, तार करा.

तुमची, पुष्पलता