चहाच्या मळ्यातला उपवास

मंगळ. २५ मार्च, दोहा

एकादशी. रमजान चालू, म्हणून क्लिनिकच्या स्टोअररूममध्ये दार लोटून जेवलो, मी आणि पुष्पा. बाहेर सगळ्यांचे रोजे आणि आत आम्ही दोघी सलाइनच्या खोक्यांवर बसून साबुदाण्याची खिचडी चापतोय. उपवास माझा, खिचडी निम्म्याहून जास्त तिची. माझ्या एकादश्या-चतुर्थ्या माझ्याआधी तिला ठाऊक असतात. एक्स-रे तिच्याकडे, रक्त-लघवी माझ्याकडे. इतकी वर्षं एका डब्यात जेवतोय. सख्ख्या बहिणीशी बोलत नाही ते तिच्याशी बोलते.

तिची ट्रीटमेंट ईदनंतर. मूल व्हावं म्हणून हा शेवटचा प्रयत्न म्हणते, पुढे ना पैसा ना अंगात ताकद. त्यामुळे तिला यंदा श्रीलंकेला माहेरी जाता येणार नाही, आणि आम्ही नेमके तिच्याच डोंगरात फिरायला निघालोय. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "बुधवार को हॅटन जाना. अम्मा खाना बनाएगी. मैं नहीं जा सकता, तुम जाओ." जाते म्हटलं.

घरी नितीनला सांगितलं, तिच्या माहेरचा चहाचा मळा आहे. डोळ्यांपुढे लगेच व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, चिनी मातीची किटली. ती "टी इस्टेट में घर" एवढंच म्हणाली होती. बाकीचं फर्निचर माझं.

रवि. ३० मार्च, कँडी

पाडवा आणि ईद एकाच दिवशी. पहाटे बाल्कनीत गुढी उभारली आणि टॅक्सी आली तशी उतरवली. नवरोबा: "देव समजून घेतो, विमान घेत नाही." विमानात इराने एकदाही हेडफोन काढले नाहीत. पोरगी चौदाची, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

कोलंबोहून कँडीपर्यंत हिरवंच हिरवं. दोह्यात राहून हिरव्याची सवय मोडलीय, डोळे दुखायला लागले.

सोम. ३१ मार्च, कँडी

बुद्धाच्या दाताचं मंदिर. संध्याकाळच्या पूजेला ढोल, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, हातात कमळं. रांग मुंगीच्या पावलाने. मी सवयीने खांदा घालून दोन माणसं पुढे सरकले. पुढच्या बाईने रागाने बघायचं सोडून तिच्या कमळांतलं एक मला दिलं. मी रिकाम्या हाताने आलेय असं वाटलं असेल तिला. इरा: "मम्मा, यू जस्ट कट द लाइन." कमळ वाहताना देवाकडे बघवलं नाही.

मंगळ. १ एप्रिल, नुवारा एलिया

वळणं, वळणं. इराला दोनदा उलटी. मग थंडी, धुकं आणि जिकडेतिकडे नीट भांग पाडल्यासारखे चहाचे डोंगर. रस्त्याकडेला एक बाई चहा खुडणाऱ्या बायकांचा पोशाख भाड्याने देते. मी साडी गुंडाळली, टोपली पाठीला, टोपलीचा पट्टा डोक्यावर. नितीन: "मान तिरकी. हां, पान तोडतेस असं कर." फोटो झकास आले. "एक दिवस मळेवाली" म्हणून स्टेटसला टाकले.

पुष्पाचं लगेच उत्तर: "सुपर! अम्मा का बास्केट इससे बड़ा." कळलं नाही. बंगल्यात हौसेने टांगलेली असेल एखादी.

बाहेर टपरीवर उकडलेली कणसं खाल्ली. उद्यासाठी चांगली रेशमी साडी काढून ठेवलीय.

बुध. २ एप्रिल, नुवारा एलिया

लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

हॅटनच्या पुढे गाडी एका जागी थांबली, पुढे पायवाट. खाली उतरलो तर बंगला नव्हता. पत्र्याची एक लांबच लांब चाळ, दाराला लागून दार, सगळ्यांत मिळून एक नळ, दारासमोरून वाहणारं गटार. त्यातल्या एका दारात पुष्पाची अम्मा उभी. ठेंगणी, पान खाऊन ओठ लाल. डोक्याच्या मधोमध केस विरळ होऊन पट्टा पडलेला, टोपली जिथे आयुष्यभर टांगली तिथे. काल मी तोच पट्टा भाड्याने लावून मान तिरकी केली होती.

आत एक खोली. निळ्या भिंती, मुरुगनचा फोटो, चुलीचा धूर. जमिनीवर केळीची पानं मांडलेली. भात, वरण, फणसाची भाजी, भोपळा, पापड, पायसम. पाण्याचे पेले नवे, दुकानाचं लेबल अजून चिकटलेलं. ड्रायव्हरला तमिळ येतं, तो सांगत होता, "मॅडम, आपके वास्ते दो दिन से घर में मछली नहीं."

आणि मी म्हणाले, माझा उपवास आहे.

नको असलेलं ताट परतवायला आपल्याकडे याच्यासारखी सोय नाही. कोणी आग्रह करत नाही, कोणाला राग येत नाही, उलट मान मिळतो. ऑफिसात, लग्नात, शेजारी, किती वेळा वापरलंय. सकाळी हॉटेलात अंडं घातलेलं अप्पम हाणून आले होते.

ड्रायव्हरने सांगायच्या आधीच अम्मांना समजलं, मी "व्रत, व्रत" म्हणत होते. "विरदम?" म्हणाल्या आणि चेहराच बदलला. माझं पान उचललं. मग स्वतःचंही उचललं. ड्रायव्हर: "बोलती है, व्रतवाला भूखा बैठा तो वो कैसे खाएगी." निदान चहा घ्या म्हणून नव्या पेल्यात कोरा चहा आणला. मला तो पेलाही नको होता. हाताने नाही म्हटलं. पाणीसुद्धा नाही? पाणीसुद्धा नाही. त्यांनी चक्क मला हात जोडले. माझ्या आईच्या वयाची बाई.

मग विचारलं, कोणासाठी?  त्यांनी भिंतीवरच्या पुष्पाच्या लग्नाच्या फोटोला बोट लावलं, मग स्वतःच्या पोटावर हात ठेवला, आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी मान डोलावली.

कापूर लावला. माझ्या हातून आरती करवली. मला कुंकू लावलं. नितीन-इरा खाली बसून जेवत होते. इराने पायसम दोनदा मागून घेतलं, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

गाडीत बसल्याबरोबर बाटली तोंडाला लावली. ड्रायव्हर आरशात बघत होता.

पोटाला बाधेल म्हणून, असं नितीनला सांगितलं. खोटं. टपरीवर कणीस खाताना पोट कुठे गेलं होतं? मला त्या घरात जेवायचं नव्हतं. पुष्पा आपल्यातली, असं मी इतकी वर्षं धरून चालले, आणि तिचं घर बघताच एका क्षणात ती आपल्यातली राहिली नाही. लाज वाटते. लिहूनही कमी होत नाही.

गुरु. ३ एप्रिल, एला

आगगाडीने आलो. धबधबे, बोगदे, दारात लोंबकळून फोटो काढणारे गोरे. नऊ कमानींचा पूल बघितला. बघितला म्हणजे समोर होता.

पुलावर इरा बोलली. "यू वेअरन्ट फास्टिंग. शी डिडन्ट ईट बिकॉज ऑफ यू." मी म्हटलं, मोठ्यांच्या गोष्टी असतात काही. म्हणताना माझं मलाच ऐकवेना. नितीन: "जाऊ दे गं, कोणाला कळणार आहे?"

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर खाल्लंच नव्हतं.

रवि. ६ एप्रिल, दोहा

पहिला दिवस कामाचा. गाडीतून जाताना वाक्य तयार केलं होतं: पुष्पा, त्या दिवशी मी खोटं बोलले. पार्किंगपर्यंत पाठ होतं.

मला बघताच तिने एक्स-रेचं दार लोटलं आणि मिठी मारली. "बुधवार तो तेरा दिन नहीं. एकादशी नहीं, चतुर्थी नहीं. मैं बहुत सोचा. फिर अम्मा बताया. तुम मेरे लिए रखा. पानी भी नहीं पिया." रडत होती. इंजेक्शनांनी तोंड सुजलंय तिचं. "मेरा बहन भी नहीं रखेगा."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. वाक्य तसंच राहिलं.

निघताना म्हणाली, अम्मांनीही धरलाय बुधवार. तुझ्यासारखाच, बिनपाण्याचा.

बुध. ९ एप्रिल

आज खरोखर धरला. निर्जळी. दुपारी डोकं ठणकलं, सुई टोचताना हात हलला, पेशंट ओरडला. मागचं खोटं आजच्या खऱ्याने धुतलं जात नाही एवढी अक्कल मला आहे. पण दुसरं काही सुचलं नाही.

नितीन मेसईदहून, कामावरून आला, ताट वाढलं तर माझं नाही. "हे काय नवीन?" इराने विचारलं, "इज इट रिअल धिस टाइम?" हो म्हटलं. तिने तिच्या हातातला पाण्याचा ग्लास गुपचूप आत नेऊन ठेवला. त्यानेच रडू आलं.

बुध. १६ एप्रिल

बुधवार आणि संकष्टीही. रविवारी पुष्पाचं गर्भ आत सोडण्याचं झालं, ती रजेवर. खिचडी घेऊन मन्सूरातल्या तिच्या फ्लॅटवर गेले. नवरा इंडस्ट्रियल एरियात ड्यूटीवर, ही एकटी, उशीवर पाय ठेवून. खिचडी खाता खाता म्हणाली, घर छोटं आहे ना आमचं? तुला काय वाटलं असेल, मी आधी सांगितलं नाही. "शरम आता था."

तिला शरम! मी म्हटलं, वेडी आहेस का, किती छान घर आहे. खिडकीतून मेट्रो स्टेशनकडे बघत बोलले.

बुध. २३ एप्रिल

पुष्पाचा फोन. अम्मांना सकाळी नळावर चक्कर आली. उन्हात, उपाशी. शेजारच्यांनी पाणी पुढे केलं तर तोंड मिटून घेतलं. पुष्पा काळजीत, पण आवाजात अभिमानही. मी म्हटलं, अगं पाणी प्यायला सांग त्यांना, देव पाण्याला नाही म्हणत नाही. "मैं बोला. अम्मा बोलती है, वो इतना दूर से आके मेरे घर में नहीं पिया, मैं कैसे पिएगा?"

एक म्हातारी बाई तिकडे डोंगरावर तहानलेली बसलीय, कारण मला तिच्या पेल्याची किळस आली होती.

आता सांगायलाच हवं. पण रिपोर्ट चार-पाच दिवसांत. मी आज सांगितलं आणि रिपोर्ट वाईट आला तर? नितीनला विचारलं. "तुझ्या उपवासाने काही होत नसतं आणि मोडल्याने बिघडत नसतं. सायन्सवाली ना तू?" सायन्सवालीच आहे. सायन्सने अम्मांना पाणी कसं पाजू?

सोम. २८ एप्रिल

नाही राहिलं.

रक्त माझ्याच टेबलवर आलं होतं. तिनेच हट्ट धरला, डॉक्टरांकडे जाण्याआधी तू बघ. मशीनचा आकडा दोनदा बघितला. मग बाहेर गेले. ती बाकावर बसली होती, माझ्या चेहऱ्यावरूनच समजली. "खलास?" म्हणाली. मी मान डोलावली. त्या दिवशीसारखीच.

बुध. ३० एप्रिल

अक्षय्य तृतीया. नितीनने काल हापूस आणून ठेवलेत, घरभर वास. मी पाण्याला शिवले नाही. आज कोणासाठी धरला ते माहीत नाही. अम्मा धरणार हे माहीत होतं, म्हणून.

पुष्पा कामावर आली होती. आता रमजान नाही, पॅन्ट्रीही रिकामीच होती, तरी जेवायला स्टोअररूममध्ये चल म्हणाली. त्याच खोक्यांवर बसलो. तिने डबा उघडला, खाल्लं नाही, चमचा नुसता फिरवत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, अम्माने विचारलंय. रागाने नाही. कौन सा बुधवार टूटा? तुझा मोडला असेल तर सांग, माणूस आहे, तहान लागते. तेवढा एक बुधवार अम्मा तुझ्या वाटचा पुरा करेल. "नहीं तो वो सोचती है, उसका ही कुछ गलती."

नाही मोडला म्हणावं, तर अम्मा जन्मभर स्वतःला दोष देणार. मोडला म्हणावं, तर त्या आणखी एक दिवस तहानलेल्या. पाठ केलेलं वाक्य शोधलं, सापडलं नाही. 

म्हटलं, "पहिला."

तिने चमचा खाली ठेवला.

"पहला तो," ती म्हणाली, "हमारे घर में था."

बाहेरून सिस्टरने हाक मारली, सँपल आलेत म्हणून. मी उठले नाही. तीही उठली नाही.