नवव्या मिनिटाचा प्रश्न

मी, वर्डेल रूथ गॅस्किन्स, वय चौसष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार हिकरी लँडिंग, साउथ कॅरोलायना, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. कर्करोगाने यकृत खाल्लं आहे, डोकं अजून शाबूत आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते मी भलत्या रागात केलं होतं.

१. वडिलांची मासेमारीची होडी धाकटा भाऊ रॉइस याला द्यावी. माझं गवत कापायचं यंत्र त्याने सहा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेलं, तेही आता त्याचंच. "तुम्हा मास्तरणींचं काय बुवा, उन्हाळाभर सुट्टी," हे तो दर थँक्सगिव्हिंगला जेवताना ऐकवायचा. माझ्या दफनाच्या दिवशी एवढं एक वाक्य त्याने गिळावं.

२. आईचा बिडाचा तवा चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावा. तो साबणाने घासू नये.

३. माझं राहतं घर, अंगणातल्या पेकनच्या झाडांसकट, आणि बँकेतली सगळी शिल्लक अर्नेस्टीन मॅनिगो हिला द्यावी. ती माझी नातलग नाही. सव्वीस वर्षं तिचा वर्ग माझ्या वर्गाला लागून होता, मधे एक पातळ भिंत. हे मी दान करत नाही. याचं कारण तिच्या तोंडावर सांगायला मला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते.

सात वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी एकदमच बसायचं ठरवलं होतं. ते मिळवणाऱ्या शिक्षकाला राज्य दरसाल पाच हजार डॉलर जादा पगार देत असे. त्यासाठी वर्षभर लिहायचं, मुलांचं काम जोडायचं आणि आपल्या वर्गाचं चित्रीकरण पाठवायचं. ते सलग लागतं, मधे काटछाट चालत नाही. कॅमेऱ्यापुढे माझी उडालेली तारांबळ पाहून अर्नेस्टीन म्हणाली, "यंदा तू बस. मी कॅमेरा धरते. माझं पुढच्या वर्षी बघू, प्रमाणपत्र कुठे पळून चाललंय?"

चौथीचा वर्ग, अपूर्णांक. ट्रेवॉन नावाचा मुलगा हट्टाला पेटला होता की एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, कारण आठ मोठे. मी तीनदा समजावलं. चौथ्यांदा माझा आवाज चढणार, तेवढ्यात कॅमेऱ्यामागून अर्नेस्टीन भान विसरून बोलली, "बाळा, तुमच्याकडे जेवायला चार माणसं असली तर तुला कॉर्नब्रेड जास्त मिळतो, की आठ असली तर?" ट्रेवॉनने बोटांवर माणसं मोजली. मग स्वतःशीच हसला आणि उठून फळ्यावरचं उत्तर स्वतः पुसलं. बघण्यासारखं होतं ते. कॅमेरा मुलांवर होता, आम्ही दोघी त्यात दिसत नाही, आणि आमचे आवाज इतके सारखे की फोनवर तिचा नवराही फसायचा.

सोबतच्या टिपणात मी लिहिलं, "या ठिकाणी उत्तर न सांगता मी प्रश्न विचारला."

ते टिपण अर्नेस्टीनने माझ्याच स्वयंपाकघरात बसून तपासलं. त्या पानावर ती थांबली. मी पाठमोरी भांडी विसळत राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वर्डेल, इथे स्वल्पविराम राहिलाय बघ." मग सहकाऱ्याच्या जागी तिने सही केली, की हे काम सर्वस्वी उमेदवाराचं आहे.

मला प्रमाणपत्र मिळालं. मुख्याध्यापक टिस्डेल यांनी माझा मोठा फोटो शाळेच्या दारातच लावला. पुढच्याच वर्षी राज्याने ठरवलं की नव्यांना जादा पगार नाही, जुन्यांचा चालू राहील. अर्नेस्टीन तरीही बसली आणि पहिल्या झटक्यात पास झाली. तेच प्रमाणपत्र, तीच शाळा, भिंतीच्या पलीकडचा वर्ग. मला पाच वर्षं पैसे आले, तिला एक छदाम नाही. तिचा नवरा क्लेम डायलिसिसवर होता. शनिवार-रविवारी ती दुकानात माल लावायला जायची. मी त्या पैशातून स्वयंपाकघर नवं केलं. तिथे कॉफी पिताना ती ओट्यावरून हात फिरवत म्हणाली, "छान झालाय गं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने कधी एक टोमणा मारला नाही. मारला असता तर मी कबूल केलं असतं, अशी मी माझी समजूत घालत आले. ते खोटं आहे. गेल्या वर्षी क्लेम गेला, तेव्हा रात्रभर तिचा हात धरून बसले, तरी माझं तोंड उघडलं नाही.

अर्नेस्टीन, तो प्रश्न तुझा होता. माझं चुकलं.

ती घर नको म्हणेल, मी तिला ओळखते. तसं झाल्यास घर रॉइसला द्यावं, म्हणजे माझ्या घरासमोरच्या ज्या भाड्याच्या खोल्यांत ती राहते, त्यांच्यापुढे त्याची चारही कुत्री येऊन राहतील. त्या कुत्र्यांना ती चांगली ओळखून आहे.

४. शाळेच्या दारातला माझा फोटो उतरवावा आणि तिथे तिचा लावावा. दफनानंतर चर्चच्या सभागृहात लोक तळलेले मासे खायला बसतील, तेव्हा ते चित्रीकरण नवव्या मिनिटापासून लावावं. टिस्डेल यांना पुढे बसवावं. आवाज मोठा ठेवावा, आणि तो प्रश्न विचारणारी कोण ते माझ्या वकीलबाईंनी उभं राहून सांगावं.

५. या कागदावर साक्षीदार म्हणून मला अर्नेस्टीनच हवी होती. माझ्या प्रत्येक कागदावर तिचीच सही असते. वकीलबाई म्हणाल्या, "जिला मिळणार आहे, तिने साक्षीला सही करू नये." म्हणून तिला बोलावलं नाही. प्रमाणपत्राच्या कागदावर तिने सही केली आणि मिळालं मला. या कागदावर तिची सही नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, पुन्हा वाचलं आणि खालील दोघांसमक्ष सही केली.

सही: वर्डेल रूथ गॅस्किन्स

साक्षीदार:
१. हॉरेस लेगेट, टपाल कर्मचारी
२. युलाली ब्रंसन, परिचारिका

ठिकाण: हिकरी लँडिंग
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४