आत्या दिवस मोजती

आये, पाया पडते.

मी परंड्यात बरी हाय. बाजारोबाजार क्लिपा विकते, पोटभर जेवते. इथला किल्ला लई मोठाय, आतच दीड तास गेला माझा. ते राहू दे.

फोन केला की आत्या कान लावून बसती, म्हणून कागद लिहिला. आपली धाकटी शिवकन्या दोन महिने बाजूला बसली न्हाय, एवढ्यावरनं आत्यानं तिची शाळा बंद केली? चौदा वर्षांची पोर ती! पाळी आली तर विटाळ, न्हाय आली तर संशय. काय ती अक्कल!

मी इथल्या दवाखान्यात नर्सबाईला विचारलं. ती हसली. म्हणली, "अगं, सुरुवातीची दोन-तीन वर्षं अंग बदलत असतं, पाळी मागं-पुढं व्हतीच. तीन महिने आलीच न्हाय तर दाखवायला आणा." आत्याला विचार, ती कुठल्या कॉलेजात डॉक्टरकी शिकली?

शिवकन्या नीट जेवती का? लई रडती का?

सोमवारी तिला शाळेत धाड, आत्या कितीबी बोंबलू दे. अन् तुझीबी पाळी दोन वर्षं धड नव्हती, हे तूच मला सांगितलंस. आत्यापुढं गप बसायचं तर बस. पण त्या पोरीला वाटतंय तीच एकटी अशी हाय. निदान तिला तरी सांग.

तुझी भटकी लेक,
निकिता